न मागितलेली सही

बायकोच्या तेराव्याच्या दिवशी संग्राम मोहिते जेवायला आला आणि त्याने दोनदा खीर मागून घेतली, याचं गुरुनाथ सबनीसांना काही वाटलं नाही. खीर खायलाच लोकांना बोलावलं होतं. पण हात धुतो म्हणून उठला तो थेट जिन्याखालच्या अर्धवट बाथरूममध्ये शिरला. सबनीस मागून गेले तर हा माणूस खिशातली टेप काढून भिंत मोजत उभा.

"काका, आता हे पूर्ण करून टाकू," संग्राम म्हणाला. "असं उघडं पडलेलं बघून तुम्हालाच त्रास होईल."

'आता' हा शब्द कुठे वापरावा हे ज्याला कळत नाही, त्याच्याशी काय बोलायचं? सबनीस मागे फिरले आणि उरलेल्या पंगतीला पाणी वाढायला लागले.

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडचं हे घर सबनीसांनी नोकरीत असताना घेतलं, तेव्हा दोघांचेही गुडघे शाबूत होते. झोपायच्या खोल्या वर, न्हाणीघरं वर. खाली फक्त एक संडास आणि हात धुवायचं बेसिन. उत्तराचा कॅन्सर मणक्यात उतरला आणि दोन हजार सातच्या उन्हाळ्यात तिचं जिना चढणं संपलं. सबनीसांनी पलंग खाली आणला, जेवणाचं टेबल भिंतीला सरकवून तिथे मांडला. प्रश्न आंघोळीचा होता. जिन्याखालची अडगळीची जागा आणि तो संडास एकत्र केला तर खुर्चीसकट आत जाता येईल, बसून आंघोळ करता येईल, असं छोटं बाथरूम होत होतं. सबनीसांनी तेलाच्या पाइपलाइनींवर तीस वर्षं इंजिनिअर म्हणून काम केलेलं. त्यांनी स्वतःच आराखडा काढला. काम करणारा माणूस तेवढा हवा होता.

मराठी मंडळात विचारलं तर सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. संग्राम आधी प्रोग्रॅमर होता. नोकरी गेली तेव्हा दुसरी शोधण्याऐवजी त्याने लोकांची किचन पाडायला सुरुवात केली. मंडळातल्या निम्म्या घरांत त्याचं ग्रॅनाइट होतं. "आपला माणूस आहे," लोक म्हणायचे. काम कसं आहे, वेळेवर होतं का, हे कुणी सांगितलं नाही आणि सबनीसांनीही विचारलं नाही. आपला माणूस म्हटल्यावर इतर चौकशा करणं बरं दिसत नाही. ह्यूस्टनमध्ये आपण इतकी वर्षं काढली पण ही सवय काही सुटली नाही.

"तीन आठवड्यांत काकूंना शॉवरखाली बसवतो," संग्राम म्हणाला आणि निम्मे पैसे घेऊन गेला.

पहिल्या आठवड्यात त्याची दोन माणसं आली. त्यांनी भिंत फोडली, संडास उचकटला, फरशी खणली. ती माणसं कामाची होती, दुपारच्या त्या उकाड्यातसुद्धा हात थांबवत नव्हती. मग गणपती जवळ आले. मंडळाचं पंचविसावं वर्ष, आणि सजावटीचा विडा संग्रामने उचललेला. अष्टविनायकांची आठ देवळं, प्लायवूडची, माणूस आत उभा राहील एवढी. त्याने आपली दोन माणसं तिकडे नेली. सबनीसांच्या बाथरूमसाठी आणलेलं प्लायवूडही नेलं.

सबनीसांनी फोन केला.

"काका, बाप्पाचं काम आहे," संग्राम म्हणाला. "बाप्पा काकूंना काही कमी पडू देणार नाही."

"बाप्पाला आंघोळीची अडचण नाही रे. हिला आहे."

"हा हा! काका, तुमचा सेन्स ऑफ ह्युमर मानला बुवा. दहा दिवस. मग आहेच मी."

दहा दिवसांनंतर तो नव्हताच. दुसऱ्या कुणाच्या तरी किचनचं ग्रॅनाइट आलं होतं, मग कुणाकडे बारसं होतं त्याच्या आधी घरामागे लाकडी डेक हवा होता. प्रत्येकाचं काम सबनीसांच्या कामापेक्षा घाईचं निघालं, कारण बाकीचे लोक ओरडणारे होते. गणपतीत सबनीस एकटेच आरतीला गेले होते तेव्हा सगळे जण मान वर करून ती देवळं पाहत होते, फोटो काढत होते. मोरगावच्या देवळाची मागची भिंत आपल्या बाथरूमची आहे हे सबनीसांनी कुणाला सांगितलं नाही.

तोवर पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आली होती, आणि उत्तराची आंघोळ गॅरेजमध्ये चालायची. सबनीस गाडी बाहेर काढायचे, प्लॅस्टिकची खुर्ची मांडायचे, दरवाजा वीतभर उघडा ठेवून बाकीचा खाली ओढायचे आणि बादलीतून टमरेलाने तिच्या अंगावर पाणी घालायचे. पाणी दाराखालून बाहेर ड्राइव्हवेवर वाहत जायचं. सबनीसांना पाठ चोळता येत नसे, फार हळू चोळायचे.

"अहो, मी काय काचेची आहे?" ती म्हणायची. "जन्मभर अमेरिकेत राहून शेवटी आंघोळ मोरीवरच आली बघा माझी."

"होईल गं बाथरूम."

"होईल की. घाई नाही. तुम्ही पाणी छान घालता."

ती हे खरं म्हणत होती की त्यांच्यासाठी म्हणत होती, ते सबनीसांना आजही ठरवता आलेलं नाही. सोसायटीकडून चिठ्ठी आली, की आपल्या ड्राइव्हवेवर साबणाचं पाणी येतं, कृपया लक्ष द्यावं. सबनीसांनी ती फाडून टाकली.

दिवाळीनंतर उत्तरा गेली. त्या दिवशी जिन्याखाली तीन नळ भिंतीतून बाहेर आलेले होते आणि फरशीच्या जागी माती होती.

अस्थी घेऊन सबनीस नाशिकला गेले. भावाकडे महिनाभर राहिले. परत आले, बॅग खाली ठेवली आणि जिन्याखालचा दिवा लागलेला पाहून तिकडे गेले.

बाथरूम तयार होतं.

करड्या रंगाच्या फरश्या, उंबरठा नाही, खुर्ची सरळ आत जावी असा रुंद दरवाजा. भिंतीला धरायच्या स्टीलच्या कांबी. बसायला दगडी बाक. हातात धरायचा शॉवर, त्यांनी आराखड्यात काढला होता बरोबर त्या उंचीवर. सबनीस दारात उभे राहिले. मग त्यांनी पायातल्या मोज्यांसकट आत पाऊल टाकलं आणि त्या बाकावर बसले. बराच वेळ बसले. मग उठून त्यांनी मुलीला फोन लावला.

अंतरा टेक्सासमध्येच, फ्रिस्कोला असते. नवरा, दोन मुलं, नोकरी.

"बाबा, he asked me for the garage code," ती म्हणाली. "म्हणाला, काकांना सरप्राइज द्यायचं आहे. मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल. किती दिवस लागले माहितीये? चार! फोर डेज!"

"हो का."

"बाबा? Are you okay?"

"चार दिवसांचंच काम होतं म्हणजे," सबनीस म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संग्रामचा फोन आला. उरलेले नऊ हजार डॉलर.

"कुणासाठी केलंस हे?" सबनीसांनी विचारलं.

"काका, इमोशनल होऊ नका. रीसेल व्हॅल्यू बघा ना. खाली फुल बाथ म्हणजे घराची किंमत कुठल्या कुठे जाते."

"मी तुला करायला सांगितलं होतं का? ती गेल्यावर?"

"काँट्रॅक्ट होतं ना काका. काँट्रॅक्ट काय माणूस गेलं म्हणून संपतं का?"

हे वाक्य बोलून झाल्यावर तरी हा थांबेल, निदान खोकेल, असं सबनीसांना वाटलं. पण तो पुढे फरश्यांच्या फटींत ग्राउट कुठल्या प्रतीचं भरलं ते सांगायला लागला. सबनीसांनी फोन ठेवून दिला. एक डॉलर द्यायचा नाही असं त्यांनी त्या वेळी ठरवलं. रागाने नव्हे. राग यायला समोर माणूस तरी लागतो.

घर विकायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं. अंतराच्या घराजवळ लहानसं घर बघून ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर जिन्याखालून जाताना दर वेळी मान दुसरीकडे वळवावी लागते अशा घरात त्यांना राहायचं नव्हतं. दोन हजार आठचा मार्च होता. बँका कर्ज द्यायला का-कू करायला लागल्या होत्या, गिऱ्हाईक मिळणं कठीण. तरी एक तरुण जोडपं मिळालं, नागपूरकडचं. त्यांच्या बरोबर मुलाची आई राहायची, तिचे पाय दुखायचे. त्यांना खालचं बाथरूम फारच आवडलं. करार झाला, एप्रिलच्या शेवटाला ताबा. आणि मग कागदपत्रं तपासणाऱ्या टायटल कंपनीतून फोन आला, की मिस्टर सबनीस, तुमच्या घरावर लीन आहे.

आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढवतात, तसला प्रकार. काँट्रॅक्टरचे पैसे राहिले की तो काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत जाऊन घरावर आपला हक्क नोंदवतो. मग तो उतरवल्याशिवाय घर विकता येत नाही. संग्रामने तसं केलं होतं. फोन नाही, निरोप नाही. मधल्या काळात मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात त्याने सबनीसांना तिळगूळ दिला होता, वाकून नमस्कारही केला होता. तारीख पाहिली तर लीन त्याच्या चार दिवस आधीची होती.

"बाबा, just pay him," अंतरा म्हणाली. "नऊ हजार. नाहीतर buyer जाईल. आणि तुम्ही पुन्हा त्या घरात एकटे. मला ते नकोय."

"मलाही नको."

"मग?"

"मग काय. बघू."

त्या शनिवारी डॉक्टर चंद्रशेखर बर्वे आले. मंडळाचे माजी अध्यक्ष, भूल देणारे डॉक्टर, निवृत्त. मंडळात कुणाचं वाजलं की हे मध्ये पडायचे. बसल्या बसल्या त्यांनी घराकडे अशी नजर फिरवली की जणू त्याचे किती पैसे येतील हे मोजत आहेत.

"गुरुनाथराव, आपल्या माणसांचं आपल्यात मिटावं असं मला वाटतं," ते म्हणाले. "वकील, कोर्ट, हे कशाला? गोऱ्या लोकांसमोर आपली लक्तरं."

"लक्तरं कुणाची डॉक्टर? लीन त्याने टाकली."

"त्याने प्रोसीजर केली. बिझनेसमन आहे तो. त्याला माणसांचे पगार द्यायचे असतात. आणि शेवटी काम तर झालं ना? सुंदर झालंय म्हणतात."

"झालं. बायको गेल्यावर झालं."

डॉक्टरांनी चेहरा पाडला. तो पाडलेला चेहरा त्यांना चांगला जमायचा, आयुष्यभर नातेवाइकांसमोर वापरलेला. "ते दुःख आहेच हो. वहिनींसारखी बाई... पण त्याचा याच्याशी संबंध जोडू नका. दिलेला शब्द आहे, काम झालंय, पैसे देऊन टाका. माझ्या घरामागे ओपन किचन करतोय तो, ग्रिल, सिंक, बार, सगळं. मी कधी एका डॉलरची घासाघीस केली नाही. माणसावर विश्वास ठेवायचा."

"ठेवला होता," सबनीस म्हणाले. "चहा घेणार?"

डॉक्टरांनी चहा घेतला. लाडूही घेतला. जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मोठ्या मनाने घ्या." हे लोक आपल्याला मोठं मन करायला सांगतात, ते नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी सोयीसाठी.

सोमवारी सबनीस गाडी काढून काउंटीच्या मुख्य गावी गेले. कोर्टासमोर एका जुन्या घरात पेगी हॉफमन नावाची वकीलबाई बसायची. सत्तरीची, जाड भिंगांचा चष्मा, खुर्चीशेजारी कुत्रं झोपलेलं. तिने संग्रामचा करार वाचला. पुन्हा उलटून मागे पाहिलं. मग चष्मा काढला.

"हे तुमचं राहतं घर?"

"हो."

"करार झाला तेव्हा तुमची पत्नी हयात होती?"

"हो."

"मग तिची सही कुठे आहे?"

सबनीसांना प्रश्न कळायला वेळ लागला.

"टेक्सासमध्ये राहत्या घरावर काँट्रॅक्टरची लीन लागायची असेल," ती म्हणाली, "तर काम सुरू होण्याआधी करारावर नवरा आणि बायको दोघांची सही लागते. आणि तो करार काउंटीत नोंदवावा लागतो. घर कुणाच्याही नावावर असो. इथे एकच सही आहे, तुमची. नोंदही नाही. ही लीन ज्या कागदावर टाइप केली आहे त्या कागदाच्या किमतीची नाही. तो पैशांसाठी तुमच्यावर दावा लावू शकतो, ते वेगळं. पण तुमच्या घराला तो हात लावू शकत नाही. मी त्याला पत्र लिहिते. शहाणा असेल तर आठवड्याभरात काढून घेईल." मग तिने विचारलं, "तिने सही का केली नाही?"

"तिला कुणी मागितली नाही," सबनीस म्हणाले.

घरी परत येताना रस्ताभर त्यांना ती दुपार आठवत होती. उत्तरा खुर्चीत बसली होती, पायांवर शाल. संग्रामने टेबलावर करार उलगडला. उत्तराने हात पुढे करून म्हटलं होतं, "बघू." संग्राम हसला होता. "काकू, तुम्ही कशाला डोकं शिणवता? सही-बिही आम्ही पुरुष बघतो. तुम्ही फक्त फरशीचा कलर सांगा." आणि पेन सबनीसांच्या हातात दिलं होतं. तो गेल्यावर उत्तरा म्हणाली होती, "या माणसाने माझी खुर्ची किती रुंद आहे ते एकदाही मोजलं नाही. बाथरूम कुणासाठी आहे हे त्याला ठाऊक आहे ना?" तिला तो पहिल्या दिवशीच कळला होता. टेक्सासच्या कायद्याला ती कळली होती. मधल्या सगळ्यांनी तिला फरशीचा रंग विचारला होता.

त्या संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला, काय ठरलं म्हणून. सबनीसांनी सांगितलं. सगळं सांगितलं, राहतं घर, दोघांची सही, काउंटीतली नोंद. एरवी मध्येच दुसऱ्यांच्या गोष्टी सांगणाऱ्या डॉक्टरांनी आज सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे बायकोची सही नसेल तर लीन लागतच नाही?" शेवटी त्यांनी विचारलं.

"राहत्या घरावर नाही."

"कुणाच्याच?"

"कुणाच्याच नाही."

"अस्सं," डॉक्टर म्हणाले. मग आत वळून, रिसीव्हरवर हात न ठेवता हाक मारलेली सबनीसांनी ऐकली, "लता! अगं, त्या संग्रामच्या काँट्रॅक्टवर तू सही केली होतीस का गं?"

पुढच्या दोन आठवड्यांत काय झालं ते सबनीसांना तुकड्यातुकड्यांनी कळलं. संग्रामने सगळ्या घरांत तसंच केलं होतं. आपल्या घरांत करार पुरुष करतात, असा त्याचा हिशोब. गुजराती घरांत, तेलुगू घरांत, सगळीकडे एकच सही. आता जो तो आपापला कागद काढून पाहत होता आणि एकेकाचे पैसे थांबत होते. कुणाला फरशीला चीर दिसली, कुणाला कपाटाचं दार वाकडं वाटायला लागलं. इतके दिवस ज्यांना सगळं सुंदर दिसत होतं त्यांना एकाएकी दृष्टी आली. घरामागच्या ग्रिलला डॉक्टरांनी नाव ठेवलं, की धूर शेजाऱ्याकडे जातो. धूर कुठे जायचा ते वारा ठरवतो, पण डॉक्टरांनी त्यासाठी सहा हजार अडवून धरले.

गुढीपाडव्याचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. सबनीस जाणार नव्हते. पण उत्तरा दर वर्षी मंडळाला बटाटेवड्यांची भाजी करून द्यायची, आणि कुणीतरी फोनवर सहज म्हणालं की या वर्षी वडे बाहेरून मागवलेत. त्यांना घरात बसवेना.

आत शिरताच लोक उठून आले. इतकी वर्षं सबनीस मंडळात होते, कुणी उठून आल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"सबनीसकाका, मानलं तुम्हाला!"

"गुरुनाथराव, डोळे उघडलेत तुम्ही आमचे. नाहीतर हा पठ्ठ्या आम्हाला गुंडाळून ठेवायचा."

"डायरेक्ट लॉ काढला. इंजिनिअर आहे बाबा शेवटी."

सबनीस ताट घेऊन एका टेबलाशी बसले. डॉक्टर शेजारी येऊन बसले. ताटात पुरी, श्रीखंड, बाहेरून मागवलेले वडे.

"मी तर लताला म्हटलं," डॉक्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला न विचारल्याचा पहिल्यांदाच फायदा झाला!"

टेबलावर हशा पिकला. एक जण म्हणाला, "अरे, मी तर तिला कधीच काही विचारत नाही, माझे किती वाचले असतील!" तर अजून हशा. बायका पलीकडच्या टेबलाशी होत्या. लताबाई श्रीखंडाचं पातेलं घेऊन वाढत होत्या, त्या थांबल्या आणि नवऱ्याकडे पाहून हसल्या. त्यांनाही गंमत वाटली असावी, किंवा सवय असावी.

सबनीसांनी पुरी तोडली होती ती तशीच ठेवली. त्यांनी त्या चेहऱ्यांकडे एकेक करून पाहिलं. महिन्यापूर्वी हेच लोक विश्वासावर बोलत होते. संग्राम लबाड होता, त्यात काही नवीन नव्हतं. पण तो एकटाच उघडपणे लबाड होता. हे बाकीचे सगळे त्याच्याच मापाने शिवलेले, फक्त त्यांना संधी मिळाली नव्हती. आणि ती संधी त्यांना कुणी दिली? उत्तराने. तिला विचारलं नाही म्हणून यांचे पैसे वाचत होते. तिने पुढे केलेला हात कुणी पाहिला नाही, त्याची किंमत ही माणसं श्रीखंडाबरोबर वसूल करत होती. आणि या टेबलावर त्यांचा पुढारी कोण, तर गुरुनाथ सबनीस.

"काय झालं, गुरुनाथराव? जेवत नाही?"

"वडे बरे नाहीत," सबनीस म्हणाले आणि उठले. "डॉक्टर, तुमच्या ग्रिलचा धूर शेजाऱ्याकडे जातो ना? शेजारी तक्रार करतो का?"

"नाही, शेजारी चांगला आहे हो, तो..."

"मग कशाला धूर काढलात?"

उत्तराला न थांबता सबनीस ताट ठेवून निघाले.

घर विकायचं होतं आणि ते आता विकलं जाणार होतं. हॉफमनबाईचं पत्र पोहोचलं होतं. संग्रामने दुसऱ्याच दिवशी फोन करून सांगितलं की तो लीन काढल्याचा कागद घेऊन येतो, कोर्टात जायची गरज नाही. हे सबनीसांना अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते हे, की ते स्वतः टेबलाशी बसून चेकबुक शोधत होते.

संग्राम आला तो बुटांसकट आत आला, मग आठवल्यासारखं करून त्याने ते काढले. चेहरा उतरलेला होता. कागद त्याने टेबलावर ठेवला, काउंटीचा शिक्का होता.

"काका, मी चुकलो," तो म्हणाला. "पण तुम्ही मला बुडवलंत. तुमचं एकट्याचं असतं तर ठीक होतं. आता सगळे तुमच्याकडे बोट दाखवतात. सबनीसकाकांनी दिले नाहीत तर आम्ही का देऊ म्हणतात. माझ्या माणसांचे दोन आठवड्यांचे पैसे थकलेत, काका. तुम्ही एकदा डॉक्टरांशी बोललात तर..."

सबनीस उठले. "ये इकडे," म्हणाले आणि जिन्याखाली गेले. तो मागोमाग गेला. सबनीसांनी हातात धरायचा तो शॉवर काढला आणि नळ सोडला. पाणी फरशीवर पसरलं, कुठे न थांबता एका बाजूला वाहत गेलं आणि जाळीतून खाली उतरलं. एक थेंब दाराकडे आला नाही.

"उतार बरोबर आहे," सबनीस म्हणाले.

"काका, उतारावर मी कधी कॉम्प्रोमाइज करत नाही," संग्राम चटकन म्हणाला. त्याच्या अंगात लगेच जीव आला. "ती टाइलसुद्धा नॉन-स्लिप आहे. वरच्या लेव्हलची."

सबनीसांनी नळ बंद केला. बाहेर येऊन त्यांनी चेक लिहिला. पूर्ण रकमेचा. संग्राम त्या चेककडे पाहत राहिला, मग सबनीसांकडे. विश्वास बसेना. माणूस पैसे द्यायचे नसताना देतो, याचा अर्थ काहीतरी गडबड आहे असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"काका, हे... तुमचा वकील तर म्हणत होता..."

"वकील बाई आहे. म्हणत होती की लीन लागत नाही. ऐक. तू केलेल्या कामाचे हे पैसे. काम चांगलं आहे. पण त्यासाठी देत नाहीये. माझ्या बायकोची सही तू मागितली नाहीस. ते वापरून मी माझे पैसे वाचवणार नाही. ते वाचवायला मंडळात माणसं कमी नाहीत, तू त्यांच्याकडे जा आणि त्यांच्या पाया पड."

संग्राम खरोखरच पायांशी वाकला. सबनीसांनी पाय मागे घेतले.

"काका, तुम्ही देवमाणूस आहात," तो उभा राहत म्हणाला. आणि मग, कारण त्याला थांबणं कधी जमलंच नव्हतं, म्हणाला, "मग काका, एवढं केलंत तर मंडळात एक शब्द टाका ना. की तुम्ही पैसे दिलेत. आणि काम कसं झालंय ते. तुमच्या शब्दाला आता फार वजन आहे. लोक म्हणतील, ज्याने लीन उडवली तोच सांगतोय."

सबनीसांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. तेराव्यालाही हा माणूस हातात टेप घेऊन असाच उभा होता. राग यावा इतकाही तो त्यांना जवळचा वाटत नव्हता.

"सांगीन," ते म्हणाले. "मोहिते चार दिवसांत बाथरूम करून देतो म्हणून सांगीन. फक्त आधी घरातलं माणूस मरावं लागतं."

संग्रामने बूट घातले, एक लेस बांधायची राहिली. दारात तो थांबला.

चेक मात्र त्याने जपून घडी घालून आतल्या खिशात ठेवला, आणि मग गेला.